शिवणीतली माया

प्रश्न थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या वाचक 54 वर्षांच्या आहेत. 11 वर्षांपूर्वी त्यांनी लायका या जर्मन कंपनीचा एमपी हा फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा) खास ऑर्डर देऊन स्वतःसाठी बनवून घेतला. काळा रंग, चॉकलेटी चामडं, 0.85 पट मोठं दाखवणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आणि वरच्या पट्टीवर स्वतःची आद्याक्षरं. त्यासाठी कित्येक वर्षं पैसे साठवले. आजवर त्यावर 14 रोल झाले. पंधरावा, कृष्णधवल, तीन वर्षांपासून कॅमेऱ्यातच आहे आणि फ्रेम मोजणारा काउंटर 22 वर थांबलाय. आता प्रोग्रेसिव्ह चष्मा लागल्यामुळे 35 मिमी लेन्सची चौकट, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमधल्या रेघा, पूर्ण दिसत नाही. नवरा म्हणतो, वापरत नाहीस तर विकून टाक. फोटोग्राफी शिकणाऱ्या भाचीने कॅमेरा महिनाभरासाठी मागितला, तेव्हा तोंडातून पटकन ‘नाही’ निघून गेलं. तेव्हापासून चैन नाही. त्या विचारतात, “माझ्या मापाने बनवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं जमत नाही आणि स्वतः वापरणंही होत नाही. मी काय करू?”

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी चक्क ओळी मोजत वाचलं. चामड्याचा रंग ठरवण्यावर नऊ ओळी आहेत. खोकं उघडलं त्या संध्याकाळवर सहा. आद्याक्षरं कोणत्या वळणाची असावीत यावर चार. या कॅमेऱ्याने काढलेल्या एखाद्या फोटोबद्दल मात्र एक ओळसुद्धा सापडली नाही.

हा टोमणा नाही हो. ऑर्डर देणं हाही एक छंदच आहे. नमुने बघायचे, रात्री झोपताना मनात रंग बदलून बघायचे, महिनोन्महिने वाट बघायची. त्या काळात तुम्ही किती आनंदात होतात ते पत्रातून दिसतं, आणि कॅमेऱ्याच्या किमतीतला मोठा वाटा तुम्ही तेव्हाच वसूल केलात असं मला वाटतं. फक्त एक झालं. ज्या दिवशी खोकं घरी आलं, त्या दिवशी तो छंद संपला आणि दुसरा सुरू व्हायला हवा होता. तो नीटसा सुरू झालाच नाही. तुम्ही त्याला आळस म्हणता. मला तो आळस वाटत नाही, धाक वाटतो. आपणच बनवून घेतलेल्या वस्तूचा धाक.

तेव्हा आधी ‘माझ्या मापाने बनवलेली’ या शब्दांकडेच जरा बघू या. तुमच्या कॅमेऱ्यात तुमच्या मापाचं नक्की आहे काय? लायकाच्या ‘आ ला कार्त’ या योजनेत (ती आता बंद झाली) गिऱ्हाईक रंग, चामडं, व्ह्यूफाइंडरचं मोठेपण, चौकटींचा संच, कोरीव अक्षरं असं निवडायचं. आतलं यंत्र मात्र 2003 साली एमपी आला तेव्हापासून सगळ्यांचं तेच. एक सेकंदापासून 1/1000 पर्यंत चालणारं, बॅटरीची गरज नसलेलं शटर. रबर चढवलेल्या कापडाचे पडदे. आणि रेंजफाइंडरची ती जुनी करामत : दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा, आणि लेन्सची कडी फिरवली की लेन्सच्या मागे टेकलेला छोटा दांडा हलून त्या एकमेकींवर सरकणं. लेन्सचा जोडही 1954 च्या एम3 या लायकापासून बदललेला नाही. म्हणजे कातडी तुमच्या निवडीची, पण हाडं, स्नायू, नाडी सगळं सार्वजनिक. एमपी दुरुस्त करणारा कोणताही चांगला कारागीर तुमचा कॅमेराही दुरुस्त करील, आणि एमपी चालवता येणारं कुणीही तुमचा चालवील. भाचीच्या हाती दिल्यावर त्यातलं ‘तुमचं’ काहीतरी उडून जाईल, असं आत काही नाहीच.

बरं, जे खरोखर मापाचं होतं ते 43 वर्षांच्या बाईच्या मापाचं. तिला चष्मा नव्हता. मापाने कपडा शिवणारा शिंपी शिवणीत थोडी माया सोडतो, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. तुमच्या ऑर्डरच्या कागदावर मायेचा रकाना नव्हता. पण उसवायला जागा आहे. डोळ्यांचा प्रश्न तर तुम्ही समजता त्याहून बराच सोपा आहे, म्हणून तो आधी घेते.

0.85 चा फाइंडर तुम्ही का घेतलात ते उघड आहे. फोकस जास्त अचूक मिळतो. दोन खिडक्यांमधलं अंतर 69.25 मिलिमीटर; त्याला फाइंडरच्या मोठेपणाने गुणलं की कामाची लांबी येते, आणि ती जितकी जास्त तितका फोकस अचूक. 0.72 ला ती जेमतेम 50 मिमी भरते, तुमच्याकडे जवळजवळ 59. लेन्सचं भोक पूर्ण उघडलेलं असताना, कमी उजेडात हा फरक जाणवतो. पण त्याची किंमत अशी, की 35 मिमीची चौकट पार कडेला जाते आणि डोळा अगदी चिकटवला तरच पूर्ण दिसते. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा मागे सरकतो आणि कडा गायब. म्हणजे चष्मा एकटा दोषी नाही. चष्मा, 0.85 आणि 35 ही तिघांची युती दोषी आहे, आणि युती मोडायला एकजण फुटला तरी पुरे.

फोडायला सगळ्यात सोपी लेन्स. 50 मिमीची चौकट तुमच्या फाइंडरमध्ये आत, ऐसपैस बसते. चष्म्यातूनही चारी बाजू दिसतात, वर बाहेर काय चाललंय तेही थोडं दिसतं. ‘माझी नजर 35 ची आहे’ असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण 14 रोलांवरून असा निकाल देणं मला घाईचं वाटतं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या नामवंत फ्रेंच फोटोग्राफरनी आयुष्यभराचं बहुतेक काम 50 वर केलं. आणि जाता जाता सांगते, त्यांनी आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकले होते, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्यांचीही एका अर्थी खास सजावटच! एखाद्या ओळखीच्याकडून 50 मिमी लेन्स दोन रोलांपुरती मागून आणा. विकत घेण्याचा विचार नंतर. अगदी 35 च हवी असेल तर वर खाचेत बसवायचा वेगळा छोटा फाइंडर मिळतो. त्यात चौकट बघायची आणि फोकस कॅमेऱ्याच्या खिडकीतून करायचा. दोनदा डोळा लावावा लागतो, पण सवय होते.

दुसरा उपाय चष्मा फोडण्याचा, म्हणजे युतीतून. फाइंडरच्या मागच्या भोकावर स्क्रूसारख्या बसणाऱ्या नंबरच्या काचा मिळतात. इथे बरेचजण फसतात. फाइंडरमधलं चित्र डोळ्याला साधारण दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे वाचायच्या चष्म्याचा नंबर तिथे कामाचा नसतो. तुमच्या प्रोग्रेसिव्हमधला वरचा, लांबचा नंबर बघा. तो किरकोळ असेल तर चष्मा काढून थेट बघून पाहा, कदाचित काहीच लागणार नाही. जास्त असेल तर चष्मेवाल्याकडे कॅमेरा घेऊन जा, त्याच्या चाचणीच्या काचा फाइंडर आणि डोळ्याच्या मध्ये धरून बघा, आणि ज्या काचेने मधला चौकोन आणि कडेच्या रेघा दोन्ही तासून काढल्यासारख्या दिसतील, तो नंबर लिहून घ्या. तिरका नंबर असेल तर या काचा तो भरून काढत नाहीत; मग 50 मिमीचाच रस्ता बरा.

आता दुसरी समजूत. ‘निदान कपाटात सुरक्षित तरी आहे.’ नाही हो. यंत्राला कपाट मानवत नाही. न फिरलेल्या चाकांवरचं तेल वर्षानुवर्षांत घट्ट होतं, आणि त्याचा पहिला फटका हळू वेगांना बसतो. दमट बंद जागेत लेन्सच्या काचांवर बुरशीचे धागे पसरतात, आणि चामड्याची पिशवी ओलावा धरून ठेवून त्यांना मदतच करते. उजेड मोजणाऱ्या मीटरची बॅटरी तीन वर्षं आतच असेल तर ती पाझरायची भीती. ती आजच काढा. पुढची खाच नाण्याने उघडते, रोलला धक्का लागत नाही. ज्या ओरखड्याला तुम्ही घाबरता तो या सगळ्यांपुढे काहीच नाही. तुमच्या कॅमेऱ्याची वरची पट्टी पितळेची, वर काळा रंग. कोपऱ्यांवर बोटं घासून रंग उडतो आणि खालून पितळ डोकावतं. काळ्या रंगाच्या कॅमेऱ्यांचे शौकीन त्या पितळेसाठीच तो रंग निवडतात. अकरा वर्षांत तुमचा एकही कोपरा पिवळा झाला नाही, हे तुम्ही पत्रात अभिमानाने लिहिलंय. मला वाचून जरा वाईट वाटलं.

असा कॅमेरा ज्यांच्या कपाटात पडून आहे, त्या सगळ्यांसाठी एक घरगुती तपासणी सांगते. रोल नसताना शटर एक सेकंदावर लावा आणि कानाजवळ धरा. गुंईंऽऽ असा एकसारखा आवाज येऊन बंद व्हायला हवा. मध्येच अडखळला, ताणला गेला, तर सफाई-तेलपाणी हवं. मग लेन्स अनंतावर लावून खूप लांबचा एखादा मनोरा नाहीतर रात्री चंद्र बघा. मधल्या चौकोनात दोन मनोरे दिसले, किंवा एक जरासा वर-खाली दिसला, तर रेंजफाइंडर हललाय. ते जुळवणं कारागिराला नेहमीचं काम आहे. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. आणि हे सगळं ठीक असेल, तर महिन्यातून एकदा पाच मिनिटं सगळ्या वेगांवर शटर मारून पुन्हा ठेवा, शेवटी तरफ न ओढता. एवढ्याने बरंच जपलं जातं.

विकण्याबद्दल. तुमच्या यजमानांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्यांनी हिशेब एकाच बाजूने मांडलाय. तुमची आद्याक्षरं ज्याच्या नावाशी जुळत नाहीत, असा गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार. चॉकलेटी चामडं कुणाला आवडेल, कुणाला नाही. साध्या काळ्या एमपीला जो भाव येईल तो तुमच्या खास एमपीला येईलच असं नाही. खास म्हणून जास्त मोजलेले पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत. हे मी तुम्हाला थांबवायला सांगत नाही. उलट, ‘एवढे पैसे घातले म्हणून ठेवायलाच हवा’ हा विचार सोडायला सांगतेय. ते पैसे गेले, कॅमेरा ठेवलात तरी गेले, विकलात तरी गेले. आज प्रश्न एवढाच, की आजच्या भावाने हीच वस्तू कुणी समोर ठेवली असती तर तुम्ही ती घेतली असतीत का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ आलं तर बिनदिक्कत विका. फिल्मची ओढ तेवढी शिल्लक असेल तर 0.72 चा एखादा वापरलेला लायका एम घ्या. त्यातला एम6 तर 2022 पासून पुन्हा बनतोय. पण हे उत्तर आज देऊ नका. निदान एक रोल तरी डोळ्यांना दिसेल अशा रीतीने काढा, मग द्या. ज्या कॅमेऱ्यातून तुम्हाला चौकटच दिसत नव्हती, तो तुम्हाला आवडत नाही हे ठरवायला अजून पुरावा नाही.

आणि मनाला लागलंय म्हणून हेही. 14 रोल म्हणजे, रोलला 36 धरून, 504 फ्रेम. ‘अकरा वर्षांत फक्त एवढेच’ असं म्हणून तुम्ही स्वतःला कमी लेखलंय. मला त्या 504 बद्दल वेगळंच विचारावंसं वाटतं : त्यातल्या किती कागदावर उतरवल्यात? कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलच्या छोट्या प्रतिमांचा एक कागद, काढलीत का? निगेटिव्ह कुठे आहेत? कारण मला दाट शंका आहे, की कॅमेऱ्याइतकी काळजी त्यांची घेतलेली नाही. तसं असेल तर चामडं पुसायचं तेल विकत आणण्याआधी निगेटिव्ह ठेवायच्या पिशव्या आणा.

आता भाची. खरं पत्र तिच्यासाठीच लिहिलंय, बाकीचं सगळं वळसा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणालात यात मला गैर काही दिसत नाही. महिनाभर, एकदम, न शिकवता मागितलेली वस्तू ‘नाही’ म्हणण्यासारखीच होती. कापडाचे पडदे असलेला कॅमेरा आहे; आत आरसा नाही, त्यामुळे झाकण न लावता लेन्स उन्हाकडे तोंड करून टेबलावर ठेवली तर भिंगाने कागद जाळावा तसं पडद्याला भोक पडू शकतं. हे तिला कुणी सांगितलेलं नसणार. शिवाय रेंजफाइंडरमध्ये लेन्सचं झाकण लावलेलं असलं तरी फाइंडरमधून जग लख्ख दिसतं. मी स्वतः एक अख्खा रोल, 36 च्या 36, झाकण न काढता मारलाय, आणि वर प्रत्येक फ्रेमला श्वास रोखून धरला होता. धुऊन आला तो कोऱ्या काचेसारखा. तेव्हा भाचीवर अविश्वास नको, पण आधी शिकवणी हवी.

पण ‘नाही’ म्हणताना तुम्ही जे कारण दिलंत, त्याने ती दुखावली असणार. ‘त्यावर माझं नाव आहे.’ तुम्ही पत्रात म्हणता, हे बोलून गेल्यावर तुम्हालाच ओशाळं झालं. तिला फोन करा. मोठं स्पष्टीकरण देत बसू नका, “मावशी त्या दिवशी चुकीचं बोलली, रविवारी ये” एवढं पुरेल. महिनाभर द्यायचा की नाही हे पुढे बघता येईल. घाई तिलाही नसेल.

रविवारी काय करायचं? कॅमेऱ्यात रोल आहेच. 22 फ्रेम झाल्या, 14 उरल्यात. कृष्णधवल फिल्मवर तीन वर्षांपूर्वी पडलेला उजेड अजून टिकून असतो, थोडा फिका झाला असेल एवढंच. रंगीत असता तर जास्त काळजी वाटली असती. तेव्हा तो रोल वाया गेला असं समजून खालचं झाकण काढून बघू नका. उजेड आत जाईल आणि काउंटरही शून्यावर येईल. उरलेल्या 14 आधी संपवा.

नवी बॅटरी टाकली नसेल तरी अडायचं नाही. फिल्म 400 आयएसओची (उजेडाला किती लवकर दाद देते त्याचा आकडा) असेल तर लख्ख उन्हात शटर 1/500 आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ16. सावलीत शिरलात की ॲपर्चर तीनेक घरं उघडा. भाचीला मीटरशिवाय उजेड वाचायला शिकवायला याहून चांगला दिवस मिळणार नाही. आधी तिच्या हातात कॅमेरा देऊन फोकस तेवढा करायला सांगा, फोटो काढायचा नाही. खिडकीचा गज नाहीतर दाराची कड, उभी रेघ असलेली कोणतीही वस्तू. कडी फिरेल, मधल्या पिवळसर चौकोनातला गज डावीकडून सरकत येईल, पुढे जाईल, परत येईल, आणि एका जागी दोन गजांचा एक होईल. त्या क्षणी कॅमेऱ्याकडे बघू नका, तिच्या चेहऱ्याकडे बघा. पहिल्यांदा जमतं तेव्हा माणूस तोंडाने काहीतरी आवाज काढतो. तुम्हीही काढला असणार.

मग सात तुमच्या, सात तिच्या. तुमच्या सात चष्मा काढून किंवा 50 मिमीवर, जसं जमेल तसं. 70 सेंटिमीटरच्या आत जाऊ नका, तिथे रेंजफाइंडर चालत नाही.

36 नंतर तरफ अडली की जोर लावू नका. पुढची छोटी कळ ‘आर’कडे फिरवा, डावीकडची घुंडी वर ओढा आणि रोल परत गुंडाळायला भाचीला सांगा. एमपीची घुंडी जुन्या पद्धतीची आहे, बोटं दुखेपर्यंत फिरवावी लागते, आणि तिच्या बोटांना तेवढं काम द्यायला हरकत नाही. शेवटी जरा ताण वाढतो, मग फिल्म सुटते आणि घुंडी एकदम हलकी होते. तो हलकेपणा कळला की मगच तुम्ही खालचं झाकण काढा, आणि रोल धुवायला टाकताना तो तीन वर्षांचा आहे हे सांगायला विसरू नका.